बत्तीस अंशांची पट्टी

फ्रीझरचं दार उघडलं की थंड वाफेची एक लाट पायांवर उतरायची आणि आतला पंखा कुणी झोपमोड केल्यासारखा कुरकुरू लागायचा. टॅम्सिन पेलोने जाड निळे हातमोजे चढवले, मधल्या कप्प्यातून आपली पेटी ओढून काढली आणि दार खांद्याने लोटून दिलं. पेटीच्या झाकणावर तिचं नाव होतं, तिच्याच अक्षरात. वर्षभर कुणी हात न लावल्याने त्या अक्षरांना बर्फाच्या मिशा फुटल्या होत्या.

बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर आली होती. मॉड, तिची लेक, आता बसायला लागली होती आणि दिवसभर विद्यापीठाच्याच पाळणाघरात, हिरवळीच्या पलीकडे, असायची. दुपारी तिला पाजायला टॅम्सिन पळत जायची आणि पळत यायची. वाटेत गवतात कांगारू लोळत पडलेले असायचे; ते मान वळवून बघायचे आणि पुन्हा लोळायचे. एवढी निवांत आई कांगारूच होऊ शकते, असं तिला रोज वाटायचं.

आजचं काम सोपं होतं. तिचा आणि ग्रिअरचा शोधनिबंध छापायला गेला होता आणि तो तपासणाऱ्यांपैकी एकाने शेवटची एक मागणी केली होती: कोऱ्या चाचणीचा फोटो जोडा. बाकी सगळं त्याला पसंत होतं.

ग्रिअर मॅकॅलम ही लॅबची प्रमुख. साठी ओलांडलेली, पांढरे केस मुलासारखे बारीक कापलेले, पायांत बारा महिने मळके बूट. येत्या हिवाळ्यात ती निवृत्त होणार होती.

"एवढा एक फोटो चिकटव की सुटलो," ती सकाळी म्हणाली होती. "मग मी हॉबार्टच्या परिषदेत शेवटचं बोलते आणि गाशा गुंडाळते."

"तुझ्याशिवाय करमेल का सरड्यांना?"

"सरड्यांना मी कधीच आवडले नाही. त्यांना व्येको आवडतो. त्याच्या हातात झुरळं असतात."

"प्रेम असंच मिळवावं लागतं," व्येको पलीकडच्या टेबलावरून म्हणाला. तो जन्माने क्रोएशियन, वाढला इथेच, कॅनबेरात. आकडेमोड त्याची आणि सरड्यांचं खाणंपिणंही त्याचंच. "तूही कधी हातात घेऊन बघ, ग्रिअर. झुरळं गुदगुल्या करतात."

सरडे म्हणजे दाढीवाले सरडे, क्वीन्सलँडच्या लाल मातीतले. घाबरले की गळ्याखालची कातडी काळी करून फुगवतात. त्यांच्यात एक नवल आहे. नर होण्याचाच वारसा घेऊन आलेलं अंडं फार उष्णतेत उबवलं, तर त्यातून मादी बाहेर येते. चांगली धडधाकट, अंडी घालणारी मादी. उष्णतेची ही खबर अंड्यातल्या पेशींना कशी कळते, हा ग्रिअरचा जन्माचा प्रश्न होता.

पेशी आपल्या जनुकाची एक नक्कल काढते. तिला आरएनए म्हणतात. मग शिंप्याने कापड बेतावं तशी ती त्या नकलेतले नको ते तुकडे कातरून टाकते आणि उरलेले जोडते. जोडणी बदलली की एकाच कापडातून कधी सदरा निघतो, कधी झबलं. टॅम्सिनला सापडलं होतं ते असं, की खूप उबवलेल्या अंड्यांत एका जनुकाच्या नकलेतला एक तुकडा कातरलाच जात नाही. तो तसाच राहतो, आणि तो राहिला की ती नक्कल नेहमीच्या कामाची राहत नाही.

ग्रिअरचं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं होतं. हे दिव्याच्या बटणासारखं नाही, ती म्हणायची, हे गॅसच्या फिरवायच्या कळीसारखं आहे. उष्णता जशी चढेल तसा तो तुकडा थोडा थोडा जास्त राहत जाणार. वर्षानुवर्षं ती हे हातात पुरावा नसताना सांगत आली होती, आणि परिषदांतली माणसं हसत आली होती. प्रेमानेच, पण हसत.

मग टॅम्सिनचा फोटो आला, जेलच्या पातळ वडीचा, जिच्यात तो तुकडा असला की चमकती पट्टी दिसते. अठ्ठावीस अंशांवर उबवलेल्या अंड्यांत काही नाही. छत्तीस अंशांवर ठसठशीत पट्टी. आणि मधल्या बत्तीसवर फिकट पट्टी, बरोबर अर्ध्या तेजाची. तो फोटो पाहून ग्रिअर टॅम्सिनच्या खुर्चीच्या पाठीला धरून बराच वेळ नुसती उभी राहिली होती.

राहता राहिली कोरी चाचणी. न कातरलेला तो तुकडा मूळ जनुकात, म्हणजे डीएनएत, असतोच असतो. त्यामुळे आरएनएच्या नळीत डीएनएचा चिमूटभर केर जरी राहिला, तरी दिसणारी पट्टी नकलेची आहे की मुळाची, हे सांगता येत नाही. दोन्ही हुबेहूब सारख्या. म्हणून त्याच नळीतला थेंब घेऊन एक चाचणी अशी करायची, की आरएनए वाचणारं एन्झाइम मुद्दाम घालायचंच नाही. मग पट्टी दिसायलाच नको. दिसली तर समजायचं, केर शिरलाय.

टॅम्सिनने ती चाचणी केली होती. कोरी आली होती. आता तीच पुन्हा करून एक देखणा फोटो काढायचा, एवढंच.

तिने नळ्या बर्फात एका ओळीत खोचल्या आणि स्टुलावर बसली. अठ्ठावीसच्या नळ्या. छत्तीसच्या. बत्तीसच्या.

अठ्ठावीसच्या नळ्यांची टोपणं गोल होती. छत्तीसचीही गोल. बत्तीसची चपटी.

ती बघत राहिली. मग एकदम तिच्या नाकात वास भरला. खरा नव्हे, आठवणीतला: फिनॉलचा, गोडसर, धुतलेल्या इस्पितळाचा. मॉड पोटात आहे हे तेव्हा फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला, रोरीला, ठाऊक होतं. फिनॉलने आरएनए वेगळा काढता काढता ती वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याच्या काचेपासून पळाली होती आणि बेसिनवर वाकून पोटातलं सगळं ओकली होती. मागे ग्रिअर उभी. "किती दिवस झाले?" एवढंच तिने विचारलं होतं, आणि उत्तर न ऐकताच म्हणाली होती, "फिनॉल बंद. आजपासून. मी तयार संच मागवते."

तयार संचाच्या नळ्यांना गोल टोपणं असतात. त्या संचात डीएनए धुऊन काढायची वेगळी पायरीच असते. संच आल्यावर टॅम्सिनने अठ्ठावीस आणि छत्तीसचं काम नव्याने केलं होतं, कारण त्यांचे नमुने शिल्लक होते. बत्तीसचे नमुने संपले होते. तिथे फिनॉलने काढलेला जुना आरएनएच वापरला होता. तोही धुतला होता म्हणा, पण त्या आठवड्यात तिने काय धुतलं आणि काय नाही, देव जाणे.

आणि कोरी चाचणी? ती तर त्यानंतरची. पेटीत पुढच्या ओळीत होत्या त्या नळ्यांवर. गोल टोपणांच्या.

बत्तीसची कोरी चाचणी कधी झालीच नव्हती.

"काय गं, मेलेला उंदीर सापडला की काय फ्रीझरात?" व्येकोने विचारलं. "चेहरा बघ तुझा."

"दूध साठलंय," टॅम्सिन म्हणाली. ते खोटं नव्हतं.

तिने चाचणी लावली. हात आपोआप चालत होते. पिपेटचा तो टिक-टिक आवाज, बर्फाचं हळूच वितळणं. यंत्र चालू करून ती मॉडला पाजून आली. मॉडने पिता पिता तिच्या ओळखपत्राची दोरी मुठीत धरली आणि सोडेना. "सोड ना गं, मला जायचंय," टॅम्सिन तिच्या टाळूला नाक लावून म्हणाली, पण खरं तर तिला जायचं नव्हतं.

संध्याकाळी अंधाऱ्या पेटीत जेल ठेवून तिने उजेड लावला. अठ्ठावीस, कोरं. छत्तीस, कोरं. बत्तीसच्या जागी, जिथे काहीच दिसायला नको होतं तिथे, फिकट पट्टी चमकत होती. अर्ध्या तेजाची. अगदी ओळखीची.

तिने पेटीचं दार हलकेच लावलं, जणू आत कुणी निजलंय.

ग्रिअरच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती हॉबार्टचं भाषण लावत बसली होती, चष्मा कपाळावर.

"ये ये. हे बघ, शेवटच्या चित्राखाली काय लिहू? 'आम्ही म्हणतच होतो' असं लिहिलं तर फार होईल?"

"जरा होईल," टॅम्सिन म्हणाली.

"मग लहान अक्षरात लिहिते." ग्रिअर हसली. "फोटो आला का?"

"उद्या देते."

"सावकाश दे. घरी जा, पोर वाट बघत असेल."

टॅम्सिन दारात उभी राहिली. शब्द सगळे तयार होते, जिभेवर रांगेत उभे. पण ग्रिअरने चष्मा पुन्हा नाकावर ओढला, त्या फोटोकडे एकदा पाहिलं, आणि टॅम्सिनच्याने बोलवेना. "येते," म्हणून ती निघाली.

घरी रोरीने भोपळ्याचं सूप करून ठेवलं होतं. तिने दोन चमचे घेतले आणि कपाटातून केकचं भांडं काढलं. रोरीने ते भांडं पाहिलं आणि मॉडच्या तोंडाकडे नेलेला चमचा थांबवला.

"काय मोडलंस?"

लॅबची ही जुनी रीत घरच्यांनाही ठाऊक होती. ज्याला स्वतःच्या कामात चूक सापडेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला केक करून आणायचा. विकतचा चालत नसे. ग्रिअरनेच कधीतरी सुरू केलेली पद्धत. म्हणायची, तोंड उघडायला जड जातं तेव्हा हातांना काम द्यावं. केक टेबलावर आला की कुणीतरी विचारणारच, आणि विचारलं की सांगावंच लागतं. लहानसहान चुकांचे केक दर महिन्याला व्हायचे. व्येको तर म्हणायचा, माझा केळ्याचा केक इतका सुधारलाय की माझ्या शास्त्राबद्दल लोकांना शंका येते.

"मोडलं नाही काही," टॅम्सिन अंडी फोडत म्हणाली. "ग्रिअरचं आयुष्य मोडलंय. बाकी सगळं ठीक आहे."

मग तिने सगळं सांगितलं. रोरी शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याला जनुकांतलं काही कळत नव्हतं, पण ऐकायचा नीट.

"म्हणजे मधली फळी तू मापलीच नव्हतीस," तो म्हणाला. "शेजारच्या दोन मापल्या आणि तिलाही मापलं असं समजलीस."

"हो."

"तसं होतं."

"तुझ्या फळ्यांच्या बाबतीत होतं. हे तिचं शेवटचं काम आहे रोरी. आणि मी नेमकं त्याच वेळी…" तिने मॉडकडे पाहिलं. मॉड सूप कानाला लावत होती. टॅम्सिनने वाक्य पुरं केलं नाही. जे मनात आलं होतं ते मॉडसमोर, तिला कळत नसलं तरी, बोलायचं नव्हतं. तिने लिंबाची साल किसायला घेतली.

सकाळी ती डबा घेऊन शिरली तशी चहाच्या खोलीत आरोळी उठली.

"डबा! टॅम्सचा डबा!" व्येको खुर्चीतून उठला. "रजेवरून आली नाही तोच? बाई, काय वेग आहे! नळ्या गरगरवायचं यंत्र मोडलंस ना? खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही. फक्त सगळ्यांना सांगेन."

"लिंबाचा आहे," ग्रिअर वास घेत म्हणाली. "लिंबाचा म्हणजे मध्यम चूक. चॉकलेटचा असता तर मी बसून घेतलं असतं."

"चॉकलेट घरात नव्हतं," टॅम्सिन म्हणाली. "तू बसूनच घे, ग्रिअर."

ग्रिअरने तिच्याकडे पाहिलं आणि खरंच बसली.

टॅम्सिनने उभ्या उभ्याच सांगितलं. टोपणं, फिनॉल, संच, कोरी चाचणी, कालची पट्टी. व्येकोने हातातली सुरी हळूच खाली ठेवली. सांगून संपलं तेव्हा किटली उकळून आपोआप बंद झाली होती.

"छत्तीसचं?" ग्रिअरने विचारलं.

"ते पक्कं आहे. तो तुकडा तिथे खरंच राहतो. फक्त बत्तीस…"

"फक्त बत्तीस," ग्रिअर म्हणाली.

तिने केकचा एक तुकडा कापून घेतला, रीत म्हणून एक घास खाल्ला, बशी तशीच उचलली आणि बाहेर गेली. मागच्या दाराचा आवाज आला. म्हणजे सरड्यांच्या पिंजऱ्यांकडे.

"जाऊ दे तिला," व्येको म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच साधा होता. "टॅम्स, मी आकडे चारदा पाहिले होते तुझे. मलाही दिसलं नाही. पुढचा केळ्याचा माझ्याकडून."

टॅम्सिनने थोडा वेळ वाट पाहिली, मग न राहवून मागे गेली. ग्रिअर पिंजऱ्यापाशी उलट्या बादलीवर बसली होती. बशी रिकामी होती. आत डचेस नावाची मोठी मादी दिव्याखाली तोंड उघडून ऊन खात होती.

"तपासणाऱ्यांना कळलं नसतं," ग्रिअर म्हणाली. "फोटोतली ती एक रांग बाजूला ठेवली असती तर."

"हो."

"मनात आलं होतं तुझ्या?"

"केक भाजताना आलं होतं," टॅम्सिन म्हणाली. "थोडा वेळ."

"माझ्याही आलं. आत्ता, हा केक खाताना." ग्रिअरने तोंडावरून हात फिरवला. "चांगला झालाय."

टॅम्सिन शेजारी गवतात बसली. मग काल रात्री घरी गिळलेलं ते वाक्य तिच्या तोंडून निघालंच. "मला दिवस गेले नसते, तर सगळं एकाच पद्धतीने झालं असतं. हा गोंधळच झाला नसता."

ग्रिअर वळली. ती रागावली होती, पण दुसऱ्याच कशावर तरी. "वेडी आहेस का गं? तू फिनॉलवरच राहिली असतीस तर तिन्हींत केर शिरला असता. अठ्ठावीसवरही फिकट पट्टी दिसली असती आणि मी तीही कळीच्याच खात्यात जमा केली असती. मला हवंच होतं ते. पोरीमुळे दोन रांगा तरी स्वच्छ झाल्या. तिला उलट माझ्याकडून केक दे." आणि जरा थांबून म्हणाली, "निबंध मी परत मागवते. आजच. डचेसची अंडी आहेत ना?"

होती. डचेसने यंदा उशिरा, हंगाम संपता संपता, अंडी घातली होती आणि ती अजून उबवणीच्या पेटीत लावायची होती. ग्रिअरने दुपारीच ती तिन्ही पेट्यांत वाटली: काही अठ्ठावीसला, काही छत्तीसला, आणि सर्वांत जास्त बत्तीसला.

मग वाट बघणं आलं. अंड्याला घाई सांगता येत नाही. आठवडे गेले. उन्हाळा उतरला, ब्रिंडाबेलाच्या डोंगरांवर सकाळी धुकं बसू लागलं, रस्त्याकडेच्या ओकची पानं तांबूस झाली. मॉडला खालचे दोन दात आले. परिषदेने भाषणाचं नाव मागितलं. ग्रिअरने जुनं नाव खोडून 'नंतर कळवते' असं कळवलं. लॅबमध्ये कुणी कळ म्हणत नव्हतं, बटणही म्हणत नव्हतं. सगळे नुसतं 'ते' म्हणायचे. "ते कधी आहे?" "गुरुवारी." "बरं."

टॅम्सिनला मनातून काय हवं होतं ते अगदी स्पष्ट होतं. कोरी चाचणी कोरी यावी आणि खऱ्या नळीत, बत्तीसच्या रांगेत, फिकट पट्टी दिसावी. तेवढं झालं असतं तर सगळं जागच्या जागी बसलं असतं. ग्रिअर हॉबार्टला गेली असती आणि टॅम्सिनची चूक एक गोष्ट होऊन राहिली असती, चहाच्या खोलीत सांगायची. ती मॉडला झोपवताना अंगाईच्या चालीवर ते पुटपुटायची. मॉडला ती चाल आवडायची.

गुरुवारी ग्रिअर लॅबमध्ये आली ती पांढरा कोट घालून. तो तिला घट्ट होत होता.

"मी बाजूला बसते," ती म्हणाली. "हात लावत नाही. माझे हात आता थरथरतात. पण मला बघायचंय."

"बघ ना. पण मला हसवू नकोस."

"मी कधी हसवलंय कुणाला? विचार परिषदेतल्या लोकांना."

सगळं संचातूनच झालं, सगळ्या नळ्या गोल टोपणांच्या, आणि प्रत्येक नळीची कोरी चाचणी तिच्या शेजारी. टॅम्सिनने प्रत्येक टोपणाला बोट लावून मोठ्याने वाचलं आणि ग्रिअरने मान डोलावली. यंत्र चाललं. जेल चाललं. निळ्या रंगाचे थेंब मुंगीच्या गतीने खाली सरकत राहिले. दोघींनी एकाच डब्यातली सँडविचं खाल्ली, खारट काळं व्हेजिमाइट लावलेली, आणि मॉडच्या दातांबद्दल बोलल्या.

मग अंधारी पेटी. टॅम्सिनने उजेड लावला.

कोऱ्या चाचण्या सगळ्या कोऱ्या. छत्तीसची पट्टी झळझळीत, पूर्वीपेक्षाही देखणी. अठ्ठावीस, काळोख. बत्तीस, काळोख.

"उजेड वाढव," ग्रिअर म्हणाली.

टॅम्सिनने वाढवला. छत्तीसची पट्टी फुलून पांढरी झाली. बत्तीस, काळोख.

"अजून."

आता संगणकाचा सगळा पडदाच राखाडी झाला होता, जेलवरचा एक केससुद्धा दिसत होता. बत्तीसच्या रांगेत काही नव्हतं. एकाही अंड्यात नाही.

"पुरे," ग्रिअर म्हणाली. "आता काढायला लागलीस तर माझ्या आजीचाही फोटो निघेल त्यात."

टॅम्सिनने उजेड कमी केला. तिला ग्रिअरकडे बघवेना. ती पडद्याकडेच बघत राहिली आणि पडदा हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखा हलू लागला.

"बटण," ग्रिअर म्हणाली. शब्द चाखून पाहावा तसा. "बत्तीसपर्यंत काहीच नाही, आणि मग एकदम सगळं. बटण आहे ते."

"ग्रिअर, मी…"

"रडतेस काय? रडायचं मी, आणि मी रडत नाहीये." तिने कोटाच्या खिशातून चुरगळलेला रुमाल काढून टॅम्सिनला दिला आणि मग, दिला होता तोच परत मागून घेऊन, स्वतःचे डोळे पुसले. "इतकी वर्षं मला फक्त वाटत होतं गं. आज माहीत आहे. चुकीचं वाटत होतं हे माहीत आहे. तेही काही कमी नाही."

"हॉबार्टला काय सांगशील?"

"हेच. दोन्ही फोटो दाखवेन. आधीचा, मग हा. टोपणांसकट."

"लोक हसतील."

"हसू देत. आत्तापर्यंत पुराव्याशिवाय हसत होते बिचारे." ती पुन्हा पडद्याजवळ वाकली. "नाव काय देऊ भाषणाला? तू सांग. तुझा फोटो आहे."

टॅम्सिनने नाक पुसलं. "'मी म्हणत होते ते चूक होतं'?"

"लहान अक्षरात?"

"नाही. मोठ्या."

ग्रिअर हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकला आला. टॅम्सिनने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, मॉडला ढेकर यावा म्हणून मारते तशा, आणि मग लक्षात आल्यावर दोघीही थांबल्या. भिंतीवरच्या घड्याळात पाजण्याची वेळ कधीच टळून गेली होती.

"जा," ग्रिअर म्हणाली. "पळ."

पाळणाघरात मॉड चिडून लाल झाली होती. टॅम्सिनने खिडकीजवळची बुटकी खुर्ची घेतली, तिला छातीशी लावलं आणि पाठ टेकली. मॉडने आधी रागाने दोन-तीन हिसके दिले, मग तिचा श्वास संथ झाला, हात सैल पडला. गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच टॅम्सिनच्या मनात पुढचं काही पुटपुटायचं नव्हतं. पट्टी नव्हती, तर नव्हती.

खिडकीतून हिरवळीपलीकडचे पिंजरे दिसत होते. ग्रिअर तिकडे निघाली होती, पांढरा कोट तसाच अंगावर, बटणं न लावलेला. व्येको झुरळांचा डबा घेऊन उभा होता. तिने त्याला गाठलं आणि काहीतरी सांगू लागली, हातवारे करत, जोरात. ऐकू काहीच येत नव्हतं. व्येकोने मान हलवली, नाही म्हणाला असावा. ग्रिअरने अंगठा आणि तर्जनी त्याच्या नाकासमोर धरली, त्यांच्यात थोडंसं अंतर ठेवून, बत्तीस आणि छत्तीसच्या मधलं असावं तेवढं, आणि ते अंतर हळूहळू कमी करत त्याला काहीतरी विचारत राहिली, बटण नेमकं कितीवर पडतं असंच बहुधा.